हरलेल्या गावाचा पाहुणा

फार फार पूर्वी, चेंडूत हवा भरायची युक्ती निघण्याच्याही आधी, डोंगरांच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या गावांना देवळं होती, पाणवठे होते, भांडणं होती, तशी प्रत्येक गावाला एक खेळाची जागाही होती. चिंध्यांवर चामडं शिवून केलेला चेंडू पायानं मारत न्यायचा आणि दोन बांबूंच्या मधून पलीकडे घालवायचा. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ना, तोच खेळ. नाव नव्हतं, बाकी सगळं होतं.

गुरं गोठ्यात बांधली, की पोरं मैदानात. हाका मारून मारून आयांचे घसे बसायचे. अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला, तरी आवाजावर खेळ चालायचा. ज्यांनी ती संध्याकाळ पाहिली, त्यांना म्हातारपणी दुसरं काही आठवलं नाही तरी ती आठवायची.

दर वर्षी जत्रेत गावागावांचे सामने व्हायचे, आणि तिथं एक जगावेगळी चाल होती. अंतिम सामना जे गाव जिंकेल, त्यानं आपला उत्तम गडी हरलेल्या गावाला वर्षभरासाठी द्यायचा. त्याला म्हणायचे ‘पाहुणा’. हरलेलं गाव ढोल वाजवत त्याला न्यायला यायचं, हातावर गूळ ठेवायचं. लेक सासरी निघावी तशी पोराची आई रडायची. तो वर्षभर त्या गावात राहायचा, त्यांच्या बाजूनं खेळायचा, आपल्या पायातलं सगळं त्यांच्या पोरांना शिकवायचा. आणि परत आला, की “तिथल्यासारखं कालवण इथं होत नाही,” म्हणून आईसमोर तोंड वाकडं करायचा.

यामुळे व्हायचं काय, की कुठलंच गाव फार दिवस दुबळं राहायचं नाही. यंदा कोण जिंकेल हे देवालासुद्धा ठाऊक नसायचं. म्हणून तर माणसं भाकऱ्या बांधून, पोरं खांद्यावर घेऊन सामना बघायला यायची.

त्या राज्याचा राजपुत्र लहानपणी आजोळी वाढला होता. खेळात तो तरबेज, पण सगळी हुशारी उजव्या पायात. डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. एका वर्षी त्याचं आजोळ जिंकलं आणि चालीप्रमाणे तो हरलेल्या गावाचा पाहुणा झाला. ते गाव होतं उघड्या माळावर. मैदान दगडगोट्यांचं आणि एका अंगाला उतरतं. चेंडू म्हणून जो काही सुटायचा, तो डावीकडेच पळायचा. राजपुत्र आठवडाभर रडकुंडीला आला. मग निमूटपणे डावा पाय वापरायला शिकला.

तिथं तो एका कुंभाराच्या घरी उतरला होता. कुंभाराचा मुलगा त्याच्याच वयाचा. मैदानाच्या कडेला मडकी वाळत घातलेली असायची, आणि दिवसाआड एखादं तरी चेंडूनं फुटायचं. म्हातारा कुंभार काठी घेऊन मागे लागायचा. दोघे मित्र भट्टीमागे दडून हसायचे. राजवाड्यातली कुठलीही मेजवानी त्या हसण्याची बरोबरी करू शकत नाही, असं राजपुत्राला तेव्हाच वाटलं होतं.

पण माणूस मोठा होतो आणि त्याला विसरायची सवय लागते. राजपुत्र राजा झाला.

शेजारी एक बलाढ्य राज्य होतं. एका तपातून एकदा दोन्ही राज्यांचा सामना व्हायचा. नव्या राजाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा संघ एका गोलानं हरला. राजाला तो गोल जेवताना दिसायचा, झोपेत दिसायचा. डोळे मिटण्याआधी एकदा तरी जिंकायचं, हे एकच वेड त्यानं घेतलं.

प्रधान म्हणाला, “महाराज, चूक आपल्याच चालीत आहे. आपला उत्तम गडी हरलेल्यांना द्यायचा, हा कुठला शहाणपणा? चांगली रोपं एकाच वाफ्यात लावावीत. राज्यातली सगळी गुणी पोरं राजधानीत आणा. शाळा काढा. सातासमुद्रापलीकडून शिक्षक बोलवा.”

“आणि गावं?” राजानं विचारलं.

“गावं टाळ्या वाजवतील.”

राजाला माळावरचं ते उतरतं मैदान क्षणभर आठवलं. पण तो गोलही आठवला. त्यानं मान डोलावली. पाहुण्याची चाल बंद झाली.

राजधानीत चेंडूशाळा उभी राहिली. हिरवंगार मैदान, दूध, बदाम, वेताच्या टोप्या घातलेले परदेशी शिक्षक. राजाची माणसं गावोगाव फिरून आठ-आठ वर्षांची पोरं निवडून नेऊ लागली. ज्यांना नेलं, त्यांच्या आया रडल्या. ज्यांना नेलं नाही, ती पोरं रडली. पहिल्यांदाच त्यांना कळलं होतं, की खेळातही नापास होता येतं.

राजधानीचा संघ जत्रेत सगळ्या गावांना लोळवू लागला. दहा गोल, बारा गोल. पहिल्या वर्षी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी जांभया दिल्या. तिसऱ्या वर्षी लोक जत्रेत आले, पाळण्यात बसले, भजी खाल्ली आणि सामना न बघताच घरी गेले. पुढे पुढे गावांनी संघ पाठवणंच सोडलं. मग राजधानीचा संघ आपापसांतच दोन तुकड्या करून खेळू लागला.

तप संपलं. शेजाऱ्यांशी सामना आला. राजाचे गडी दिसायला कसे, तर एकेक जण घोटून तयार केलेला. सामना सुरू झाला आणि पहिल्याच धडाक्यात शेजाऱ्यांनी गोल केला.

आणि राजाचे गडी थांबलेच. कुणी शिक्षकाकडे पाहिलं, कुणी प्रधानाकडे, कुणी आपल्याच पायांकडे. मागे पडलं की काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते कळायला कुणीतरी आपल्या पुढे जावं लागतं, आणि घरात तसं कुणी उरलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सात गोल खाल्ले.

पराभवाचं खापर फोडायला प्रधानाचं डोकं तयार होतं, पण राजाचं मन तिथं रमेना. सकाळी तो एकटाच घोड्यावर बसला आणि कित्येक वर्षांनी माळावरच्या गावी गेला.

गाव तेच होतं. पण गावात शिरताना जो कल्ला कानावर यायचा, तो नव्हता. राजा मैदानापाशी आला आणि बघतच राहिला. बांबू नव्हते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं मडकी वाळत घातलेली होती. मधोमध त्याचा जुना सवंगडी बसला होता. आता कुंभार तोच होता.

“या पाव्हणं,” कुंभार म्हणाला. गावात राजाचं नाव अजून तेच होतं. “लई उशीर केलासा.”

राजा खाली जमिनीवर बसला. “मैदानात मडकी?”

“रिकामंच पडलंय. मागं एक गाडगं ठेवायची छाती नव्हती हितं.” कुंभारानं एक मडकं हातात घेऊन फिरवलं. “धा वरसं झाली, पाव्हणं. एक मडकं फुटलं न्हाई. लई वंगाळ वाटतं.”

राजानं जवळच्या मडक्यावरून हात फिरवला.

“माझा बा मरायच्या आधी इचारायचा, ‘पोरं कुठं गेली रं? शिव्या द्यायला कुणी न्हाई.’ काय सांगणार? चार पोरं तुमच्या शाळंनं नेली. ऱ्हायलेल्यांनी चेंडू टाकला. म्हणाली, आपल्याला न्हाई येत.”

“आणि तुझा मुलगा?”

“त्यालाबी नेला व्हता. चौदाव्या वर्षाला माघारी धाडला. उंची भरत न्हाई म्हणाले.” कुंभारानं भट्टीकडं बोट केलं. तिथं एक तरणा मुलगा पाठमोरा उभा राहून लाकडं रचत होता. “तवापासनं चेंडूला पाय लावला न्हाई त्यानं. आम्ही बी आता खेळाचं नाव काढत न्हाई.”

राजाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. सात गोल खाल्ल्यावर जे डोळे कोरडे राहिले होते, ते त्या न फुटलेल्या मडक्यांपुढे वाहू लागले. आपण काय जिंकायला निघालो होतो आणि काय हरवून बसलो, हे त्याला तिथं कळलं.

राजधानीत परतून त्यानं हुकूम काढला. लहान मुलांनी आपापल्या घरी जावं. शाळेतला एकेक उत्तम गडी एकेका गावाचा पाहुणा होईल. परदेशी शिक्षकांनी बैलगाडीत बसून गावोगाव फिरावं. आणि जत्रेतली जुनी चाल पुन्हा सुरू होईल.

“महाराज,” प्रधान हादरला, “मग राजधानी हरेल!”

“हरू दे की,” राजा म्हणाला.

असं म्हणणं सोपं असतं. मोडायला एक हुकूम पुरला होता, उभं करायला वर्षं लागली. शिक्षकांना ठेचा लगेच आवडला, पण पोरं लगेच मैदानात आली नाहीत. माळावरच्या गावात तर पाहुणा महिनाभर एकटाच चेंडू मारत बसायचा. मग दोन-तीन चिल्लीपिल्ली आली. कुंभारानं अर्ध्या मैदानातली मडकी उचलली. अर्धी ठेवली, मुद्दाम.

एका संध्याकाळी चेंडू उतारावरून घरंगळत भट्टीपाशी गेला आणि कुंभाराच्या मुलाच्या पायाशी थांबला. तो बराच वेळ चेंडूकडे बघत राहिला. मग त्यानं डाव्या पायानं असा काही हाणला, की चेंडू पोरांच्या डोक्यावरून गेला आणि धाडकन एक मडकं फुटलं.

कुंभार काठी घेऊन धावला खरा, पण हसू आवरेना म्हणून अर्ध्या वाटेतच बसला. दुसऱ्या दिवशी फुटक्या मडक्याचा तुकडा फडक्यात बांधून तो राजधानीला गेला आणि भर दरबारात त्यानं तो राजापुढं ठेवला. राजानं तो तुकडा कपाळाला लावला. दरबाऱ्यांना काहीच कळलं नाही.

कुंभाराचा मुलगा पुढे मोठा खेळाडू वगैरे झाला नाही. पण गावातली पोरं त्यानं घडवली. उंची त्यानं कुणाचीच मोजली नाही. जत्रा पुन्हा भरू लागल्या. राजधानी कधी जिंकायची, कधी सपाटून मार खायची. राजाचं आजोळ राजाच्याच संघाला हरवायचं आणि राजा लाज सोडून नाचायचा.

पुन्हा एक तप गेलं. शेजाऱ्यांशी सामना आला तेव्हा राजा म्हातारा झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याला सामना दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. अर्धा खेळ संपला तेव्हा शेजारी दोन गोलांनी पुढे होते.

“मेलो!” प्रधान म्हणाला. “आणि आपले गडी बघा. चिंचा खात हसतायत!”

त्यातला एक जण चिंचोका थुंकत म्हणाला, “अहो प्रधानजी, जत्रेत दर साली असंच होतं. आता बघा.”

आणि खरंच, दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी एक गोल फेडला, मग दुसरा. खेळ संपत आला आणि असा काही जल्लोष उठला की राजा दचकला. “झाला का? कोणत्या पायानं मारला?”

“डाव्या!” शेजारी बसलेला कुंभार ओरडला.

“मग पोरगं तुझ्या गावचं,” राजा म्हणाला, आणि दोघे म्हातारे गळ्यात गळा घालून रडले.

शेजारचा राजा अभिनंदन करायला आला. म्हाताऱ्या राजानं त्याचा हात धरला. “आमच्यात एक चाल आहे. जिंकणाऱ्यानं आपला उत्तम गडी हरणाऱ्याला वर्षभर द्यायचा असतो. हा डावखुरा न्या तुम्ही.”

प्रधान मागून उपरणं ओढत होता. शेजारचा राजा चकित झाला. “महाराज, अशानं पुढच्या वेळी आम्ही तुम्हाला हरवू!”

“जमलं तर हरवा,” राजा म्हणाला. “तुम्ही दुबळे झालात, तर आम्ही खेळायचं कुणाशी?”

शेजाऱ्यांना चाल ठाऊक नव्हती, म्हणून कुंभारानंच पोराच्या हातावर गूळ ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “जा पाव्हणं. आन तिथं कुणाचं मडकं फुटलं, तर निरोप धाड. मी नवं देईन.”

तात्पर्य: ज्याला जिंकायची हौस आहे, त्यानं आपल्याला हरवू शकेल असा शेजारी आधी जपावा, आणि अंगणात पोरं खेळायला हवी असतील, तर चार मडकी फुटू द्यावीत.