पोकळीतली ओढ

"मग माझ्याकडेच का कोणी फिरकत नाही, महाराज?"

सबनीसनं विचारलं. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आजही त्याच्या वर्गाला चिटपाखरू आलं नव्हतं, आणि संध्याकाळच्या एसटीनं तो मठ कायमचा सोडणार होता.

मकरंद सबनीस म्हणजे आकाशाचा मोठा अभ्यासक. शहरातली नोकरी सोडून आमच्या उंबरदऱ्याच्या मठात शिष्य म्हणून आला आणि गावाला तारे शिकवीन म्हणाला. शिकवायचा उत्तम, त्यात वाद नाही. पण कोणी शंका विचारली की असा बघायचा, की विचारणाऱ्याची बोबडी वळावी. मी एकदा विचारून बसलो होतो. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

हेमगीर महाराज चुलीपाशी शेंगा भाजत होते.

"काय शिकवणार होतास आज?"

"ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत रेणू कसे तयार होतात ते."

"मला सांग की."

"तिथे वायू अतिशय विरळ. त्यात कडाक्याची थंडी. एक कण दुसऱ्याला कैक दिवसांनी भेटतो. आणि भेटले, तरी बहुतेक वेळा आपापल्या वाटेनं निघून जातात."

"निवडून आलेल्या सरपंचासारखे," महाराज म्हणाले. "मग जमतं कसं?"

"लांबून एखादा वेगवान कण येतो आणि हायड्रोजनचा एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. ज्याचं असं काही गेलं, तो आसपासच्यांना दुरूनच ओढून घेतो. मग एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं होत होत त्या पोकळीत चक्क पाणी तयार होतं."

"आणि ज्याचं काही गेलं नाही, तो?"

"तो फिरत राहतो. एकटाच."

महाराजांनी शेंगा परतल्या...

"तुझं काय गेलंय, सबनीस?"

"माझं? काही नाही. माझं सगळं व्यवस्थित आहे."

"अरेरे," महाराज म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

बाहेर अंगणात जत्रेच्या लेझमीचा सराव सुरू झाला होता. महाराजांनी शेंगा उपरण्यात घेतल्या, सबनीसचा दंड धरला आणि त्याला सरळ रांगेत नेऊन उभं केलं. कोणाच्या तरी हातातली लेझीम काढून त्याच्या हातात दिली.

"महाराज, मला हे येत नाही."

वर्षभरात हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

हलगी कडाडली. सगळी रांग डावीकडे वळली. सबनीस उजवीकडे वळला आणि थेट शेवंताआत्यांवर आदळला. आत्या म्हणजे गावाच्या लेझमीच्या म्होरक्या, आणि तोंडानं एकदम फटकळ.

हलगी थांबली...

"अहो मास्तर," आत्या म्हणाल्या, "पाय तुमचेच आहेत ना?"

सबनीसनं खाली वाकून पायांकडे नीट पाहिलं. मग तो हसला. आधी थोडा, मग पोट धरून.

झालं, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. एकानं मनगट धरलं, दुसऱ्यानं गुडघा ढकलला, पोरीसोरी मोठ्यानं मोजायला लागल्या. मीही घुसलो. मनगट धरणारा मघाशी चुलीपाशीच बसलेला होता; त्यानं तेवढ्यात विचारून घेतलं, "मास्तर, तुमचं ते वरचं पाणी खाली सांडत कसं नाही हो?"

"थेंब नसतात तिथे," सबनीस धापा टाकत म्हणाला, "सुटे रेणू असतात... थांबा, आता कुठला पाय?"

"डावा!" सगळं अंगण ओरडलं.

खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. सबनीसनं तो ऐकला, आणि पुन्हा उजवा पाय टाकला. त्याला तसं नाचताना पाहून मला फार आनंद झाला, हे सांगायला लाज कसली.

अंधार पडायच्या आधी तो घामानं निथळत महाराजांपाशी आला. चेहरा नुसता फुललेला.

"बघाच महाराज, चार दिवसांत लेझमीचे सगळे हात बसवतो."

महाराजांनी त्याच्या ओंजळीत शेंगा ओतल्या.

"एवढ्यात शिकू नकोस रे," ते म्हणाले.