बेघर सर्जेरावाचा घरासाठी अर्ज

एका तालुक्याच्या गावात एक भोळा माजी शिपाई राहत होता. गावात म्हणजे गावाच्या एस.टी. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागच्या बाकावर. त्याचं नाव सर्जेराव काळंगे. उमेदीची सगळी वर्षं त्याने देशाच्या सीमेवर पहारा दिला. देश जागच्या जागी राहिला. घर तेवढं भावकीने वाटून घेतलं.

शेजारच्या बाकावर मुबारक शिकलगार झोपे. तोही फौजेतलाच, गाड्या दुरुस्त करणारा. त्याचं घर धरणाच्या पाण्यात गेलं होतं.

अशा बेघर माजी सैनिकांसाठी सरकारने गावाबाहेर वसाहत बांधायला घेतली होती. प्रत्येकाला एक खोली. सर्जेरावाला दुसरं काही नको होतं. दाराला आतून कडी लावून झोपायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

अर्ज मात्र कागदावर चालत नव्हता. तो संगणकावरच भरायचा होता. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘घरबसल्या अर्ज करा.’ ज्यांना घर नाही त्यांच्यासाठीच्या योजनेची ही जाहिरात. ती लिहिणाऱ्याला कुणी मूर्ख म्हटलं नाही. मूर्ख म्हणायचे ते सर्जेरावाला.

मग शहरातल्या एका कंपनीतली मुक्ता केंजळे आणि तिचे सहकारी दर रविवारी गावात येऊ लागले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी जुने संगणक मांडले आणि स्टँडवरच्या फौजींना फुकट शिकवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी मुक्ता म्हणाली, “काका, हे बटण दाबा.”

सर्जेरावाने दाबलं. मुक्ता दुसऱ्यांना शिकवायला गेली. परत आली तेव्हा पडद्यावरची पानं भराभरा वर पळत होती आणि सर्जेरावाचं बोट बटणावरच होतं.

“काका, अजून दाबून धरलंय?”

“सोडा म्हणाला नाहीत, मॅडम.”

“दरवेळी सोडा म्हणायला हवं का?”

“फौजेत शेवटचा हुकूम खरा. दुसरा येईपर्यंत तोच.”

मुबारक म्हणाला, “मॅडम, याला खाली बस म्हणू नका. सुट्टी होईपर्यंत उठायचा नाही.”

मुक्ता हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

पुढच्या रविवारी पासवर्ड ठेवायचा होता. मुक्ता म्हणाली, “कधी विसरणार नाही असा शब्द ठेवा. आणि तो कुणालाही सांगायचा नाही. मारलं, झोडलं, तरी नाही.”

“जी मॅडम.”

सर्जेरावाने विचार केला. माणूस सगळं विसरतो, स्वतःचं नाव विसरत नाही. त्याने स्वतःचं नाव ठेवलं आणि मुक्ताच्या मदतीने अर्ज भरून टाकला.

दोन-चार दिवसांनी वसाहतीच्या कचेरीतले कारकून भोगले स्टँडवर पडताळणीला आले. मुबारकची झाली. मग ते सर्जेरावाकडे वळले.

“नाव?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“गुप्त आहे.”

“वडिलांचं?”

“मारुती.”

“आणि तुमचं?”

“मारा, झोडा, निघायचं नाही.”

मुबारकने कपाळावर हात मारला. “साहेब, हा सर्जेराव काळंगे आहे.”

सर्जेराव पांढराफटक पडला. “मुबारक, फोडलंस. शत्रूनेसुद्धा केलं नसतं असं केलंस.”

“अर्जदाराने स्वतः सांगायला हवं,” भोगले म्हणाले. त्यांनी सर्जेरावाच्या नावापुढे ‘अर्जदार स्वतःस ओळखत नाही’ असा शेरा मारला आणि ते चहाला गेले.

मुक्ताला हे कळलं तेव्हा तिने डोकं धरलं. कचेरीत जाऊन तिने तो शेरा काढायला लावला. मग सर्जेरावाला समोर बसवून म्हणाली, “काका, असं करायचं नाही. सरकारी माणसाने विचारलं की काही लपवायचं नाही. सगळं सांगायचं. नाव, गाव, जन्म, सगळं.”

“जी मॅडम.”

त्याच आठवड्यात सर्जेरावाला फोन आला. “मी सरकारी खात्यातून बोलतोय. तुमचं कार्ड बंद पडणार आहे. लवकर सगळी माहिती सांगा.”

बोलणारा चोर होता. पण सरकारी म्हणाला. सर्जेराव बाकावरून उठून सावधान उभा राहिला आणि सांगू लागला.

“नाव सर्जेराव. जन्म आमच्या गोठ्यात झाला. पाऊस फार होता, म्हैसही त्याच रात्री व्याली. तिला पारडी झाली, आईला मी झालो. आजा आधी पारडी बघायला गेला.”

“ते नको. कार्डावरचा नंबर सांगा.”

“सांगतो की. क्रमाने सांगतो. तिसरीत होतो तेव्हा विहिरीत पडलो.”

“आजोबा, नंबर.”

“काढलं मला कुणी? सांगतो.”

सर्जेराव भरतीला गेला, हिमालयात गेला, बर्फात बोटं गोठली, लग्न झालं, मेहुणे रुसले. मेहुण्यांची नावं चालली होती तेव्हा पलीकडून चोर रडवेला होऊन म्हणाला, “आजोबा, माझं चुकलं,” आणि त्याने फोन ठेवला.

“फोन कट झाला,” सर्जेराव हळहळला. “निम्मंच सांगून झालं होतं.”

रविवारी मुबारकने वर्गात ही हकीकत रंगवून सांगितली. सगळे हसले. मुक्ता हसली नाही. “काका, नंबरापर्यंत पोहोचला असतात तर? असं करायचं नाही. फोनवर कुणी साहेब म्हणून बोलला, घाई केली, काहीतरी मिळालंय म्हणाला, की तो चोर समजायचा. फोन बंद करायचा. पुन्हा त्याचा फोनच येणार नाही असं करून टाकायचं.” तिने ते कसं करायचं तेही शिकवलं. सर्जेराव ते एका झटक्यात शिकला.

“जी मॅडम.”

मंगळवारी कचेरीतून फोन आला. भोगलेच होते. “काळंगे, कचेरीतून साहेब बोलतोय. तुम्हाला खोली मंजूर झालीय. घाई करा, आज पाचच्या आत सही करायला या.”

साहेब. मिळालीय. घाई. सर्जेरावाने तिन्ही खुणा जुळवून पाहिल्या.

“चोरा,” तो शांतपणे म्हणाला, “आवाज तरी बदलायचास. हुबेहूब त्या भोगल्यासारखा काढलायस.”

त्याने फोन बंद केला आणि भोगल्यांचा नंबर कायमचा अडवून टाकला. पाच वाजून गेले. खोली गेली.

मुक्ता कचेरीत गेली, भांडली, हात जोडले. भोगले म्हणाले, “पुढच्या वाटपात बघू. तशीही वसाहतीला अजून दारंखिडक्या बसलेल्या नाहीत.”

“मग पाचच्या आत कसली घाई होती?”

“मंजुरीची. राहायची नाही.”

संतापलेली मुक्ता थेट स्टँडवर आली. “काका, आता शेवटचं सांगते. फोनवरचं काही खरं मानू नका. पण समोर उभं राहून, चार लोकांदेखत कुणी शब्द दिला, तर तो शब्दन् शब्द खरा माना.”

“शब्दन् शब्द?”

“हो. आणि लगेच कामाला लागा.”

“जी मॅडम.”

त्या शनिवारी आमदारांच्या हस्ते वसाहतीच्या चाव्यांचं वाटप होतं. दारं नव्हती, पण चाव्या होत्या. वर्गातल्या फौजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आमदारसाहेब माइकपुढे उभे राहिले. त्यांचा गळा दाटून आला.

“जवानांनो, कोण म्हणतं तुम्ही बेघर आहात? माझं घर तेच तुमचं घर. कधीही या. दार उघडं आहे.”

टाळ्या झाल्या. सर्जेरावाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो उठला, स्टँडवर गेला, वळकटी बांधली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि आमदारांच्या बंगल्यावर गेला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. “कुणाकडे जायचंय?”

“घरी.”

“कुणाच्या?”

“माझ्या. नवीनच मिळालंय.”

वहिनीसाहेब बाहेर आल्या. त्यांनी भाषण ऐकलेलं नव्हतं. सर्जेरावाने त्यांना ते सगळं ऐकवलं, गळा दाटला होता तिथे गळा दाटून. तेवढ्यात आमदारांची गाडी आली. समारंभाची बातमी घ्यायला आलेले आम्ही वार्ताहर मागोमाग होतोच. आमदारांनी वळकटी पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि सर्जेरावाला मिठी मारली. त्या मिठीत ते कानाशी काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. सर्जेरावाला आलं असावं, कारण तो मोठ्याने म्हणाला, “नाही साहेब, जेवूनच आलोय.”

त्याला व्हरांड्याजवळची पाहुण्यांची खोली मिळाली. तिला आतून कडी होती. सर्जेरावाने ती लावून पाहिली, काढून पाहिली आणि पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून अंगण झाडू लागला. कामं घेऊन आलेल्या लोकांना “घर आपलंच आहे, बसा,” म्हणू लागला. आमदार आत असताना ‘बाहेरगावी गेलेत’ असं सांगायची त्या घरची पद्धत होती. सर्जेराव लोकांना थेट जेवणाच्या टेबलापाशी नेऊन सोडू लागला.

जी वसाहत वर्षानुवर्षं दारांवाचून अडली होती, तिला महिन्याभरात दारं बसली. खिडक्या बसल्या. नळाला पाणीसुद्धा आलं. मग स्वतः आमदार, भोगले, मुक्ता आणि मुबारक असे सगळे सर्जेरावाच्या खोलीपाशी आले. आमदारांच्या हातात खरी चावी होती.

“सर्जेराव, तुमचं घर तयार आहे. चला, गाडी काढलीय.”

“ती खोली बेघरांसाठी आहे ना, साहेब?”

“अर्थात.”

“मग मी कशी घेऊ?”

“काका, घ्या ती चावी,” मुक्ता कळवळून म्हणाली. “तुमच्या हक्काची आहे.”

“सर्ज्या, घे गप,” मुबारक म्हणाला. “माझ्या शेजारची खोली आहे.”

सर्जेरावाने मान हलवली. आमदारांच्या कचेरीतल्या संगणकापुढे तो ताठ बसला आणि एका बोटाने, कुणाचीही मदत न घेता, त्याने स्वतःचा अर्ज रद्द केला. खाली कारण विचारलं होतं. एकही चूक न करता त्याने लिहिलं: ‘घर मिळाले आहे. आमदारसाहेब आमच्याकडेच राहतात.’