सगुणाच्या चाकूची चार पाती

खाडीच्या काठी, जिथे सुरंगीचं रान डोंगर उतरून थेट पाण्यात पाय सोडून बसतं, तिथे एक इवलंसं घर होतं. घराला दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीत बसून फुलं ओवणारी एक आई. तिची लेक सगुणा, आठ वर्षांची, दोन वेण्यांची आणि एकाच परकराची!

आई सुरंगीचे घमघमणारे गजरे करायची. पण गेल्या शिमग्यापासून तिच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत गेलं, ते काही विरलंच नाही. आता ती फुलं चाचपून ओवायची आणि संध्याकाळी सगुणाचा चेहराही तसाच चाचपायची. "नाक जागच्या जागी आहे ना गो? मग झालं," म्हणून हसायची. सगुणाही हसायची आणि मग मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची. आईनं आपल्याला पुन्हा एकदा डोळे भरून पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

सगुणाच्या परकराला एक खिसा होता आणि खिशात रोज एक चाकू असायचा. तिचे बाबा होड्या दुरुस्त करायचे. ते देवाघरी गेले आणि त्यांचा चाकू मागे राहिला. बोटाएवढा, लाल मुठीचा, घडी घालायचा. त्याच्या पोटात चार पाती होती: चिमटा, पेचकस, पिटुकली कात्री आणि एक मोठं पातं. पण सगळी गंजून अशी चिकटली होती की मोठं पातं तेवढं अर्धंमुर्धं उघडायचं. गावातली मुलं हसायची, "काय सगुणाबाई, आज काय कापलंत? वारा?" सगुणा रागवायची नाही. बाबा म्हणायचे ते तिला आठवायचं, "चाकू घरी ठेवला तर नुसतं लोखंड. खिशात असला तर सोबती."

आणि आईनं शिकवलं होतं, "चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही हो. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं." सगुणाच्या हाताला ती सवयच लागून गेली होती.

एका सकाळी सगुणा फुलं वेचायला रानात गेली. पिवळं ऊन पानापानांतून टिपटिप गळत होतं. दोन फांद्यांच्या मध्ये कोळ्याचं मोठ्ठं जाळं होतं, त्यावर दंवाचे टपोरे मणी, आणि त्या मण्यांच्या मधोमध काहीतरी गुलाबी, निळं, सोनेरी फडफडत होतं.

फुलपाखरू? छे! ती परी होती! चाफ्याच्या कळीएवढी, आंब्याच्या मोहोराच्या रंगाचा झगा घातलेली. तिचा एक पंख जाळ्यात गुरफटला होता.

"थांब हं, हलू नकोस," सगुणा हळूच म्हणाली. तिनं चाकूचं मोठं पातं नखानं कसंबसं उघडलं, श्वास रोखला आणि एकेक धागा अलगद कापला. परी सुटली, गिरकी घेऊन चाकूच्या मुठीवर येऊन बसली.

"रोज जवळ बाळगतेस हा?" परीनं विचारलं. तिचा आवाज पैंजणातल्या घुंगरासारखा होता.

"रोज. कधी कुणाला लागेल, काय सांगावं?"

परी गोड हसली. तिनं चाकूवर फुंकर घातली. झर्रकन सगळा गंज उडाला आणि चारही पाती चांदीसारखी लखलखली!

"एकेका पात्यात एकेक इच्छा ठेवली आहे," परी म्हणाली. "पण नीट ऐक. इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. ज्याच्यासाठी मागायची, त्याच्याजवळ बसून मागायची. एखादं पातं साध्या कामाला वापरलंस, की त्यातली इच्छा विरून जाईल. चाकू खाली ठेवलास आणि दुसऱ्यानं उचलला, तर इच्छा उचलणाऱ्याची. आणि यातलं अवाक्षरही कुणाला सांगायचं नाही."

सगुणाचे डोळे चमकले. चार इच्छा! तिला तर एकच पुरे होती. परीला नमस्कार करून ती घराकडे पळत सुटली.

पण गरज काय मुहूर्त बघून येते? वाटेत एक शेळीचं करडू लंगडत, बें बें करत उभं होतं. खुरात बाभळीचा काटा खोल रुतला होता. सगुणानं नखांनी ओढून पाहिला, निघेना. मग तिनं चिमटा उघडला. काटा निघाला, करडू उड्या मारत गेलं, आणि चिमट्यातला लखलखाट विझला. चिमटा राहिला, इच्छा गेली.

"असू दे," सगुणा म्हणाली. "तीन आहेत."

पुढे पारावर रघूतात्या बसले होते. गावात आलेली पत्रं तेच सगळ्यांना वाचून दाखवायचे. आज त्यांच्या चष्म्याची दांडी निखळून पडली होती, आणि समोर एक म्हातारी लेकाचं पत्र हातात धरून नुसतीच बसली होती. धूसर डोळे म्हणजे काय, ते सगुणाला कुणी सांगायला नको होतं. तिनं पेचकस उघडला आणि चिमुकला स्क्रू घट्ट फिरवला.

"शंभर वर्षांची हो, पोरी!" तात्या म्हणाले. सगुणा कसंनुसं हसली. उरल्या दोन.

आता मात्र तिनं खिसा मुठीत घट्ट धरला आणि खाली मान घालून निघाली. 'देवा, आता कुणी भेटू देऊ नको रे,' ती मनात म्हणत होती. खरं सांगू का? तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर डोळेही मिटून घेतले असते. पण कान कसे मिटणार? खाडीच्या काठावर निळाशार खंड्या पक्षी जाळ्याच्या तुटक्या दोऱ्यात अडकून चिरकत, तडफडत होता. सगुणा दोन पावलं पुढे गेली आणि तीन पावलं मागे आली. पिटुकल्या कात्रीनं तिनं दोरा कातरला. खंड्या उडाला, निळी रेघ ओढत पार पलीकडे गेला.

उरलं एक. मोठं पातं.

सगुणा धापा टाकत घरात शिरली आणि तिनं मोठं पातं उघडलं. "आई! आई गो!"

"काय आणलंस एवढं धावत?" आईनं हात पुढे केला. "बघू तरी."

आणि इथेच घात झाला. सवयीचा हात तो! आईनं मागितला म्हणून सगुणानं चाकू चटकन खाली, आईच्या पुढ्यात ठेवला. हात मागे घेतला तेव्हा तिला परीचे शब्द आठवले. ती झेपावली, पण आईनं चाकू उचलला होता.

सगुणाला रडूच कोसळलं. सांगायची तर सोय नाही! शेवटची इच्छा गेली होती. आईच्या हातात गेली होती, आणि स्वतःसाठी मागायची परवानगी आईलाही नव्हती.

"अगो, रडतेस कशाला?" आईची बोटं मोठ्या पात्यावरून, लाल मुठीवरून फिरली. "तुझ्या बाबांचा चाकू ना हा? गंज कसा गेला गो याचा! कसा गुळगुळीत झालाय." तिनं सगुणाला जवळ ओढलं. "बोलायचं नसेल तर नको बोलू. माझ्या सोन्या, तुझ्या मनात जे काही असेल ना, ते पुरं होऊ दे."

चाकूचं पातं टिच्चकन वाजलं आणि आपोआप मिटलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर, सुरंगीच्या फांदीवर, गुलाबी, निळा, सोनेरी उजेड फुलला. त्याच्या मधोमध चिमुकली परी हात हलवत होती. सगुणाची खिडकीकडे पाठ होती आणि डोळे आईच्या पदरात होते. तिला त्यातलं काहीच दिसलं नाही.

"अगोबाई!" आई म्हणाली. "अंगणात केवढा उजेड पडलाय गो!"

सगुणानं झटकन मान वर केली. बाहेर परी उजेडात विरून गेली होती, फक्त सोनेरी भुकटी फुलांवर तरंगत होती. आई मात्र आता अंगणाकडे बघत नव्हती. ती सगुणाकडे बघत होती. बघतच होती.

"नाक जागच्या जागी आहे," आई म्हणाली, आणि या वेळी तिनं काही चाचपलं नव्हतं.

खूप वेळानं तिनं चाकू सगुणासमोर खाली ठेवला आणि सगुणानं तो उचलला. आता त्यात एकही इच्छा नव्हती, पण चारही पाती सरसर उघडत होती. तो रोज तिच्या खिशात असायचा, आणि गावात कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "सगुणाला हाक मारा."

चाकू राहिला सगुणाच्या खिशात, गोष्ट आली तुमच्या उशाशी.