चारातली तीन

"…पण बाबा, नुसतं चालू व्हायलाच कॉम्प्युटरला तीन जीबी मेमरी लागते. त्याला मी काय करू?"

विश्वंभर तावातावानं बोलत होता. बाबा ओवरीत घोंगडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

बाबा म्हणजे मोरटेकडीच्या मठाचे रेवणबाबा. विश्वंभर त्यांचा शिष्य. तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला, तेव्हापासून धर्मशाळेचा कारभार त्याच्याकडं. मी फाटकावर असतो, ओवरीच्या शेजारीच. चौथीत शाळा सुटली, पण कान शाबूत आहेत. ऐकलं तेवढं लिहितो. पदरचं घालत नाही.

त्या दिवशी भंडारा होता. ऊन डोक्यावर. यात्रेकरूंची यादी कॉम्प्युटरात, आणि ती सकाळपासून उघडेना. यादी उघडेना म्हणून नव्यानं आलेल्या कोणाला खोली मिळेना. माणसं दगडी ओवरीत येऊन पडली. विश्वंभरनं मला फाटकावर पाटी लावायला सांगितली, 'जागा शिल्लक नाही'. लावली. मला काय.

"तीन म्हणजे कितीतली तीन?" बाबांनी विचारलं.

"चारातली. ती सगळी सिस्टीमच घेते."

"ही सिस्टीम कोण?"

विश्वंभर हसला. शिकलेला माणूस हसतो तसं.

"आतला कारभारी समजा, बाबा. कुठल्या कामाला किती जागा द्यायची, कोणाला आधी घ्यायचं, कोणाला थांबवायचं, सगळं तीच ठरवते. ती नसली तर यंत्र म्हणजे नुसता पत्र्याचा डबा."

"आणि चारातली तीन स्वतःला ठेवते."

"हो."

"मग बाकीचे कुठं बसतात?"

"उरलेल्या एकात. दाटीवाटीनं. म्हणून तर हँग होतं."

"हँग म्हणजे?"

"जिथल्या तिथं अडकून बसतं. हाक मारली तरी ओ देत नाही."

"आपल्या फाटकवाल्यासारखं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"एक भाविक सोळा जीबीचं नवं यंत्र द्यायला तयार आहेत," विश्वंभर म्हणाला. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"सोळात कारभारी किती घेईल?"

विश्वंभर घुटमळला. "नव्या यंत्रात सिस्टीमही नवी येते… सहा-सात घेईल."

"काम?"

"काम… यादीचंच."

बाबा हसले. पोट हलेपर्यंत हसले. परातीतले दाणे सांडले.

"हसू नका हो, बाबा. कारभार करायला जागा लागते की नाही?"

"लागते."

"किती?"

"…बघून सांगतो," बाबा म्हणाले.

एवढ्यात दोनशे पायऱ्या चढून एक बाई वर आली. मागं तिची लेक, एक हात कमरेवर, एक भिंतीला. पाटी बाईला वाचता येत नसावी, किंवा येत असून तिनं वाचली नाही. मी अडवायला पाहिजे होतं. पोरीचं पोट पाहिलं आणि गप्प बसलो.

ओवरीत सावली उरली होती ती बाबांच्या घोंगडीपुरतीच.

"ओ आजोबा," बाई म्हणाली, "सरका की जरा. लेकीला पाठ टेकवायची हाय. सातवा लागलाय तिला."

बाबा सरकले.

पोरगी बसली. पाय लांब होईनात.

"अजून थोडं. एकल्या जिवाला एवढी जागा कशाला लागतीया?"

बाबा आणखी सरकले. परात मांडीवर घेतली.

"घोंगडी ऱ्हाऊ द्या. दगड टोचतोय तिला."

बाबांनी घोंगडी अंगाखालून काढून दिली आणि ओवरीच्या पार कडेला गेले. एक पाय खाली पायरीवर. निम्मं अंग उन्हात.

विश्वंभर भडकला. "अहो बाई! कोणाला उठवताय, कळतंय का? हे रेवणबाबा आहेत. या मठाचे…"

बाईनं बाबांकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मंग बरंच झालं," ती म्हणाली. "मालकच सरकले म्हटल्यावर दुसऱ्या कोणाची हरकत ऱ्हात न्हाई."

मला बाई आवडली.

"विश्वंभरा," बाबा म्हणाले, "आपल्या खोल्या किती?"

"नऊ."

"यात्रेकरू कितीत आहेत?"

"…तीनात."

"बाकीच्या सहा?"

"एक ऑफिस. एकात कॉम्प्युटर, त्याला धूळ चालत नाही. एक माझी. एक पाहुण्यांसाठी, कोणी मोठं आलंच तर. एकात जुन्या वह्या. आणि एकात गाद्या."

"गाद्या?"

"चाळीस आहेत. कुलपात ठेवल्यात… मळतात, बाबा."

पोरगी दगडाला टेकून डोळे मिटून बसली होती. बाबांनी एक शेंग फोडली. दाणे तिच्या हातावर ठेवले.

"तुझं खरं आहे," ते म्हणाले. "जागा कमीच पडते. त्या भाविकाला सांग, यंत्र राहू दे. खोल्या बांधून दे. सोळा."

विश्वंभरचा चेहरा उजळला. "खरंच, बाबा?"

"सोळातल्या तू किती घेशील?"

विश्वंभरनं तोंड उघडलं. अंगठ्यानं बोटांवर मोजायला लागलाही होता… मधल्या बोटावर थांबला.

खाली पंगतीत भात आला होता, त्याचा गलका वर ऐकू येत होता.

विश्वंभरनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला.

आधी त्यानं स्वतःची खोली उघडली. पोरीला त्याच्या बाजेवर निजवलं. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. मग गाद्यांची खोली. दोन-दोन गाद्या डोक्यावर घेऊन तो फेऱ्या मारत होता. मला हाक मारली नाही, मीही आपण होऊन उठलो नाही. तिसऱ्या फेरीला उठलो. कॉम्प्युटर आणि वह्या ऑफिसात कोंबल्या. पाच खोल्या मोकळ्या झाल्या. कोण कुठं ते त्यानं पेन्सिलीनं एका कागदावर लिहिलं, तेवढ्यावर सगळ्यांची सोय लागली.

पाटी मी उतरवली. कोणी सांगितलं नव्हतं.

ऊन कललं. विश्वंभर घामानं निथळत येऊन खालच्या पायरीवर बसला. घोंगडी आता रिकामी पडली होती. सावलीही भरपूर होती. बाबा मात्र अजून कडेलाच, एक पाय पायरीवर, परात मांडीवर.

शिकलेला माणूस. प्रश्न काही त्याला सोडेना.

"बाबा, मघाचं राहिलंच. कारभार करायला नक्की किती जागा लागते?"

बाबांनी शेवटची शेंग फोडली. एक दाणा तोंडात टाकला, एक त्याच्या तळहातावर ठेवला.

"बघ की," ते म्हणाले. "एवढ्यावर चालू आहे. अजून हँग झालो नाही."