मनगटभर जोंधळे

एका राज्यात दुष्काळ हा शब्द उच्चारायला बंदी होती. महापूर म्हणायलाही बंदी होती. राजा चंडकीर्ती म्हणे, "माझ्या प्रजेने उद्याची काळजी करणं म्हणजे माझ्यावरच अविश्वास दाखवणं." त्याच्या पदरी कपिलाक्ष नावाचा जादूगार होता. डोळे पिवळे, बोलणे लोण्यासारखे. तो म्हणाला, "महाराज, काळजीच नको. मी मंत्र घालतो. घरोघरच्या कणग्या सदा भरलेल्या राहतील."

त्याने मंत्र घातला, आणि राज्यातली प्रत्येक कणगी काठोकाठ भरलेली दिसू लागली. अटी दोनच होत्या. कणगीत हात घालायचा तो मनगटापर्यंत. त्याखाली गेला तर लक्ष्मी रुसते. आणि रोज दिवस कलला की घरटी एका माणसाने चावडीवर उभे राहून म्हणायचे, "भरलंय हो, भरलंय."

लोक म्हणू लागले. घाटापलीकडून रोज धान्याचे गाडे येत. लोक त्या दिवसापुरते जोंधळे घेत, कणगीवर पसरत, त्यातलेच काढून दळत. कणगी तर भरलेलीच होती. मग गाड्यांची वाट का पाहावी लागते, हे कुणी विचारले नाही.

त्या राज्यात कणग्या विणणाऱ्या मालोबाचे लग्न झाले आणि घरात नवी सून आली. तिचे नाव केतका. ती नावाड्याची लेक. तिच्या माहेरी तीन कणग्या होत्या: एक खायची, एक पेरायची, आणि एक नदी अंगणात येईपर्यंत हात न लावायची. मीठ बांबूच्या नळ्यांत भरून आढ्याला टांगलेले असे. केतका बोलायची कमी. पण जी कमी बोलते तिला दिसते फार.

तिला दिसले की सासू गिरजाबाई आठवड्यातून चार उपवास करतात, आणि त्यातल्या दोन उपवासांचा देव कोणता ते त्यांनाही सांगता येत नाही. तिला दिसले की मालोबा कणगीजवळून जाताना बोटाने टिचकी मारतो आणि पटकन मान फिरवतो. बाळंतपणाला माहेरी आलेली नणंद चंद्रा, नववा महिना लागलेला, दुसरी भाकरी वाढायला गेले की म्हणते, "नको गं वहिनी, बाळ वर दाबतंय."

चौथ्या दिवशी सासू म्हणाली, "सूनबाई, शेरभर जोंधळे काढ. मनगटापर्यंतच हो."

केतकाने हात घातला. मनगटापर्यंत जोंधळे होते. तिने कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत घातला. मनगटाखाली काहीच नव्हते. पाण्यावर शेवाळ तरंगावे तसा जोंधळ्यांचा एक थर हवेवर तरंगत होता. तिने मुकाट्याने शेरभर काढले, दळले, आणि विणकामाच्या कांब्या वाळत घालायला तटाच्या बुरुजावर गेली.

बुरुजाच्या अगदी माथ्यावर एक टिटवी चार अंडी घेऊन बसली होती.

"तुमची जात अंडी जमिनीवर घालते," केतका म्हणाली.

"यंदा जमीन राहायची नाही," टिटवी म्हणाली. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचे कुणाला नवल नव्हते. "नवव्या दिवशी पाणी या बुरुजाच्या पायरीला लागेल. घाट खचेल. अडीच महिने गाडा येणार नाही."

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

"रोज सांगते. ते म्हणतात, टिटवी ओरडली, अशुभ झालं. आणि दगड मारतात."

केतकाला चंद्राची दुसरी भाकरी आठवली. अडीच महिने, आणि त्यात बाळंतीण. "कणग्यांतलं धान्य गेलं कुठं?"

"कपिलाक्षाच्या डोंगरात. चावडीवर जसजसा एकेक जण 'भरलंय' म्हणतो, तसतसं त्याच्या कणगीतलं पसाभर तिकडं जातं. मंत्र तोडायला तीन कामं आहेत. तुझ्या घरात 'रितं आहे' म्हण. चावडीवर म्हण. आणि राजाचा हात, राजाचाच, कोठारात खांद्यापर्यंत जाऊ दे."

"मला बोलायची सवय नाही."

"मला काय बुरुजावर अंडी घालायची सवय होती?" टिटवी म्हणाली आणि पंख मिटून बसली.

त्या संध्याकाळी ताटे वाढून झाली. केतका उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, आपली कणगी रिकामी आहे."

सासूच्या हातातला पळा थांबला. "हळू बोल! शेजारी ऐकतील."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग काय उपवास मी हौसेने करते?"

केतकाने नवऱ्याकडे पाहिले. "आणि तुम्हाला?"

मालोबा ताटाकडे बघत म्हणाला, "विणणारा आहे मी. रिकाम्या कणगीचा आवाज मला कळणार नाही तर कुणाला?"

"वन्सं?"

 चंद्राने पोटावर हात ठेवला आणि ती रडू लागली.

केतकाच्या अंगाची लाही झाली. सगळ्यांना ठाऊक होते! चार माणसांच्या घरात तिच्याखेरीज तिघांनाही ठाऊक होते, आणि तिघेही एकमेकांसमोर पोट भरल्याचे सोंग करत होते. तीन दिवस झाले नाहीत तोवर तिला शिकवले होते की भांडे कसे घासावे, डोईवरचा पदर किती घ्यावा, सासऱ्यांच्या तसबिरीपुढे कुठल्या पायावर वाकावे. घरात खायला नाही, एवढे मात्र कुणी सांगितले नव्हते.

"अब्रूचा प्रश्न आहे गं," सासू म्हणाली. "आपल्या एकट्यांचीच रिकामी. सगळ्या गावाच्या भरलेल्या आहेत."

"सगळं गावही घरात हेच म्हणत नसेल कशावरून, आत्याबाई?"

पहिले काम झाले. कणगीवरचा थर थोडा खचला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसे जमली. दवंडीवाल्याने एकेक घर पुकारले. "सोनाराचं?" "भरलंय हो, भरलंय." "कुंभाराचं?" "भरलंय हो, भरलंय." "कणगीवाल्यांचं?"

सासू उठायच्या आत केतका उठली. पदर सरळ केला. "रितं आहे. आठ दिवसांत पाणी येणार आहे, आणि आमच्याकडं शेरभर जोंधळे आहेत."

 सोनारीण म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, गिरजाबाई. पावलं बघून सून आणावी. हिनं उंबरा ओलांडला आणि कणगी बसली."

"पायगुण, दुसरं काय!" कुंभार म्हणाला. तो बोलताना त्याच्या गालाची हाडे वर आलेली दिसत होती.

केतका म्हणाली, "मामी, पाय माझे चार दिवसांचे आहेत. तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात त्या कधीपासून?"

सोनारणीने हात पदराखाली घेतला.

तेव्हा मालोबा उठला.  "या गावातली प्रत्येक कणगी मी विणली आहे. येताजाता प्रत्येकीला टिचकी मारतो. सगळ्या ढोलासारख्या वाजतात. मी बोललो नाही, कारण नवी कणगी सांगायला तुम्ही येतच होता." तो थांबला. "मोठी हवी म्हणायचात. अजून मोठी."

मग कुंभार खाली बसला आणि म्हणाला, "माझी दोन वर्षं झाली." एक म्हातारा म्हणाला, "आमची तीन." सोनारणीने बांगड्या खाली ओढल्या, पण हात उचलताच त्या पुन्हा कोपराकडे घसरल्या. ते सर्वांनी पाहिले.

दुसरे काम झाले. गावभरच्या कणग्यांवरचे थर एका क्षणात तळाला कोसळले, धप्, धप्, धप्.

दवंडीवाला ओरडला, "बघा! कालपर्यंत भरलेलं होतं. ही बोलली आणि रितं झालं. हिनंच रितं केलं!"

हा न्याय त्या राज्यात नवा नव्हता. छप्पर गळते असे जी सांगते, पाऊसही तिनेच बोलावलेला असतो. शिपायांनी केतकाला धरले आणि राजवाड्यात नेले. मालोबा मागे धावला. सासूही धावली, अनवाणी, आणि तो तिच्या उपवासाचा दिवस होता.

राजा चंडकीर्ती सिंहासनावर होता, बाजूला कपिलाक्ष. मागे राजकोठाराची महाकणगी होती, दीड पुरुष उंच, शिडी लावून चढायची. तीही काठोकाठ भरलेली दिसत होती.

"मुली, काय म्हणणं आहे तुझं?"

"महाराज, रितं आहे."

"माझं कोठारही?"

"हात घालून बघावा."

कपिलाक्ष मऊ हसला. "राजाचा हात, आणि जोंधळ्यांत? ही टिटवीच्या वळणाची बाई आहे, महाराज. हिला धान्याची एवढी शंका आहे ना, तर धान्यातच पुरा."

आपल्याच मंत्राच्या गर्वात माणूस कधी काय बोलून जातो! राजाला शिक्षा आवडली. शिपायांनी केतकाला शिडीवरून वर नेले. खाली सासू ओरडली, "मेल्यांनो, लेकरू आहे ते!" चार दिवसांत तिने सुनेला पहिल्यांदा लेकरू म्हटले होते. शिपायांनी ढकलले.

केतका जोंधळ्यांत पडली. आणि जोंधळ्यांतून आरपार पडली. आतून धाडकन आवाज आला, मग शांतता, मग खोल विहिरीतून यावा तसा तिचा आवाज.

"महाराज, इथं फार जागा आहे."

राजा उठला. शिडी चढला. वरून बघितले तर कणगी भरलेली, आणि भरलेल्या कणगीच्या तळातून बाई बोलते आहे! "कुठं आहेस तू?"

"आपल्या धान्याखाली, महाराज. पाय मुरगळला आहे. हात द्यावा."

"महाराज, मनगटाचा नेम!" कपिलाक्ष ओरडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता.

राजाने हात घातला. मनगट गेले. कोपर गेले. सोन्याचे बाजूबंद काठावर अडले, ते त्याने दातांनी ओढून काढले, आणि खांदा गेला. मनगटभर थराखाली एकही दाणा त्याच्या बोटांना लागला नाही. त्याने हवा चाचपली. मग खालून एका बाईच्या हाताने त्याची बोटे धरली.

"रितं आहे," तिला वर ओढत राजा म्हणाला. तो हे कुणाला उद्देशून म्हणाला ते कळले नाही.

तिसरे काम झाले. कपिलाक्षाच्या डोंगराला भेग पडली आणि त्यातून धान्य निघाले, वाळक्या पानांवर सरी कोसळाव्यात तसा आवाज करत रस्त्यांवरून, गल्ल्यांमधून आपापल्या घरी गेले. कपिलाक्ष आक्रसत गेला, आक्रसत गेला, आणि त्याचा सोंडकिडा झाला. तो त्याच धान्यात कुठेतरी शिरला.

राजाने जाहीर केले, "उत्सव करू!"

"उत्सव अडीच महिन्यांनी, महाराज," केतका लंगडत म्हणाली. "आधी चाळणी. निम्मं किडलेलं आहे."

सात दिवस राज्य झोपले नाही, चाळले. मीठ नळ्यांत भरले, सरपण माळ्यावर चढवले, गुरे तटावर नेली. मालोबाने आयुष्यात पहिल्यांदा लहान कणग्या विणल्या, घरटी तीन. राजानेही टोपली उचलली. दोन खेपांत दमला, पण उचलली. टिटवीला कुणी दगड मारला नाही. तिच्याजवळून माणसे वाकून गेली.

नवव्या दिवशी पाणी आले. बुरुजाच्या पायरीला लागले. घाट खचला. अडीच महिने गाडा आला नाही, आणि राज्यात एकही माणूस उपाशी मेला नाही. पाणी चढत होते त्याच दिवशी भर दुपारी चंद्रा बाळंत झाली. मुलगी झाली. चंद्राने दुसरी भाकरी खाल्ली, तिसरी मागितली, आणि गिरजाबाईंनी ताटात तूप वाढत विचारले, "अजून?"

पाणी ओसरल्यावर भाटांनी गाणे रचले, की राजा चंडकीर्तीने आपल्या दिव्य हस्ताने राज्याचे रितेपण शोधून काढले. केतकाने ते गाणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "हस्त दिव्यच होता. वर ओढताना महाराजांचाच खांदा निखळेल असं वाटलं मला."

राजाच्या कानावर ते गेले. त्याने बोलण्यावर पुन्हा बंदी घातली नाही. त्या राज्यात ही सुधारणा मोठी समजली जाते.

ऐकणाऱ्याचे घर भरलेले राहो. आणि नसले भरलेले, तर तसे सांगायला त्याला तोंड राहो.