भगरीने अडवलेले चूर्णयंत्र

"तीन दिवसांत अशी एक वस्तू आणा, जिचा माझं यंत्र चुरा करू शकणार नाही! खालची टोपली रिकामी राहिली, तर टेकडी तुमची. नाहीतर तिची खडी होऊन राजरस्त्यावर पडेल!"

कर्दळगडच्या मार्तंडराजांनी हुकूम सोडला आणि टेकडीखालच्या आंबेझरीचं धाबं दणाणलं. टेकडीवर देवीचं देऊळ, देवळामागे झरा, आणि त्याच झऱ्यावर अख्खं गाव पाणी भरायचं. टेकडी गेली की गाव उठलंच!

यंत्रही साधंसुधं नव्हतं. दोन जाडजूड दातेरी रूळ पाण्याच्या चाकावर एकमेकांत दात घालून फिरायचे. वरून धोंडा टाकावा, खालच्या टोपलीत खडी झेलावी. आराखडा स्वतः राजांनी काढलेला, त्यामुळे जेवताखाता तोच विषय!

पहिल्या दिवशी पाटलांनी पिढीजात वरवंटा नेला. कडाड! टोपलीत खडी. दुसऱ्या दिवशी बाभळीचा जुना बुंधा नेला. त्याचा भुसा झाला. राजे मिशीला पीळ देत म्हणाले, "टणक वस्तू संपल्या वाटतं? उद्या हवं तर मऊ आणा!" सगळा दरबार खदखदून हसला.

इकडे देवळाचे गुरव सिदोबा यांची बायको तुळसा देवीपुढे हात जोडून बसली होती. "आई, टेकडी वाचव. सोळा शुक्रवार करीन!"

"अगं, मागचे सोळा अजून चालू आहेत," सिदोबा म्हणाले. "तुझं नाव ऐकलं की देवीलाही धाप लागत असेल!"

खोटं नव्हतं ते. तुळसाची व्रतं इतकी, की आज जेवायचं की नाही हे ती शेजारणीला विचारायची. पण मन मोठं आशावादी. देवी काहीतरी सुचवीलच, असं तिला दर वेळी वाटायचं. सुचायचं मात्र बहुधा नवं व्रतच!

तिसऱ्या दिवशी अष्टमी. गावाच्या फराळाची भगर करायची पाळी तुळसाची. चुलीवर हंडा चढवून तिने डोळे मिटले, जप सुरू केला, आणि जपात भगरीला विसरली. डोळे उघडले तेव्हा हंड्यात पळी ताठ उभी! तुळसाने ती ओढली. पळी आली नाही, हंडाच हलला.

"आता काय करायचं?" सिदोबांनी कपाळाला हात लावला.

"काय करायचं! कुंभाराला देऊन टाका. त्याच्या चिखलाची निदान भांडी तरी होतात," असं म्हणून तुळसा स्वतःच हसत सुटली. हसता हसता एकदम थांबली. तळ खरवडायला घेतलेलं उलथनं तिने कमरेला खोचलं.

"अहो, बैल जुंपा! हंडा राजाकडे न्यायचाय!"

राजांनी हंड्यात डोकावून पाहिलं. "हे काय?"

"भगर, सरकार. मऊ वस्तू आणा म्हणाला होतात ना? आज अष्टमी. म्हटलं, यंत्रालाही फराळ द्यावा!"

राजांनी बोट घालून पाहिलं. बोट सहज आत गेलं. बाहेर काढायला दोन हुजरे लागले.

"टाका!" राजे ओरडले.

चौघांनी हंडा पालथा केला. रूळ फिरले. गचक, गचक... भगर दातांत जाऊन बसली ती बसलीच. खालची टोपली कोरडी ठणठणीत!

"वरून धोंडा टाका, तो रेटेल तिला!"

धोंडा टाकला. दातच बुजलेले, धरणार कशाने? तो रुळांवर नुसता थुईथुई नाचला. मग यंत्राची दातखीळ बसली आणि पाण्याचं चाकही थांबलं.

राजांचा चेहरा लालबुंद झाला. "टोपली रिकामी, कबूल! पण माझं यंत्र बंद पाडलंस! सूर्य माथ्यावर यायच्या आत ते सुरू कर, नाहीतर टेकडी माझी!"

"महाराज, रूळ उतरवून साफ करायलाच आठ दिवस लागतात," मुख्य लोहार विठोजी पुटपुटले.

तुळसाने पदर खोचला. "दोन घागरी कढत पाणी आणा. आणि दादा, चाक हाताने हळूहळू फिरवा."

रुळांवर पाणी पडलं. तुळसाने कमरेचं उलथनं काढून त्याची धार दातांच्या खोबणीत टेकवली. रूळ फिरू लागला तशी भगरीची सालं सोलून निघाली. एक खोबण साफ, दुसरी साफ! निम्मं काम झालं तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "विठोजीदादा, माझा हात भरून आला हो! दातांच्या मापाची, फणीसारखी लोखंडी पाती इथेच कायमची ठोकून टाका ना. रूळ फिरेल तसा आपोआप खरवडला जाईल!"

विठोजी वाकून साफ झालेली खोबण निरखू लागले. "अरे देवा! पावसाळ्यात ओली माती अडकली, की आम्ही छिन्न्या घेऊन आठ आठ दिवस बसतो!"

त्यांनी तिथल्या तिथे पाती ठोकली. उरलेली भगर भराभर सुटली, चाकावर पाणी सोडलं, धोंडा टाकला. कडाड! टोपलीत खडी! सूर्य अजून माथ्यावर यायचा होता.

राजे राग विसरून पुढे आले. "बाई, माझ्या यंत्रशाळेत बारा मिस्त्री आहेत. एकाला हे सुचलं नाही. ही विद्या तू कोणत्या गुरूकडे शिकलीस?"

"गुरू कसला, सरकार!" तुळसा लाजून म्हणाली. "सुगरणीला भांडी खरवडावी लागत नाहीत. मी मात्र वीस वर्षं रोज खरवडतेय!"

राजे असे हसले, की मंदील डोळ्यांवर आला! हसू आवरल्यावर त्यांनी टेकडी ताम्रपटावर गावाच्या नावे करून दिली, रस्ता वळसा घालून न्यायला सांगितला आणि तुळसाला भरजरी लुगडं दिलं.

"आणखी एक," डोळे पुसत राजे म्हणाले. "यापुढे दर अष्टमीला आंबेझरीच्या फराळाची भगर आमच्या मुदपाकखान्यातून येईल!"

टेकडी वाचल्याचं कळल्यावर गावाने देवीचा जयजयकार केला. हे शेवटचं बक्षीस कळल्यावर त्याहून मोठा केला. त्यात सगळ्यांत वरचा आवाज तुळसाचा होता!