धोंडबाचं जुनं घर

माणसं किनाऱ्यावर यायच्याही आधी तिथे शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं नगर होतं. म्हातारी कासवीण त्याची नगराध्यक्षा. एकदा लाटेने मोठा शंख आणून टाकला. थोराड धोंडबा खेकडा त्यात शिरला, पण जुना शंखही नांगीत धरून बसला.

"नातवंडांना लागेल," तो म्हणाला.

"नवा घेतलास, आता जुना सोड," कासवीण म्हणाली.

"तुमचं घर पाठीवरच! तुम्हाला काय कळणार?"

"मला दुसरं घर नकोच, म्हणून तर हे काम माझ्याकडे दिलंय."

धोंडबाने कुरकुरत नांगी सैल केली. त्याच्या जुन्या शंखात त्याच्याहून लहान खेकडा गेला, त्या खेकड्याच्या शंखात आणखी लहान. दुपारपर्यंत सगळ्या नगराने घरं बदलली. शेवटी उघड्या अंगाची चिमी एका इवल्या शंखात शिरली आणि आतूनच ओरडली, "धोंडबाआजोबा, मलाही घर मिळालं हो!"